खोकल्याची चौथी बाटली

मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो त्यात एक ड्रॉपडाउन आहे. वर प्रश्न, 'रिपोर्टर कोण?' आणि खाली पाच पर्याय: १ डॉक्टर, २ फार्मासिस्ट, ३ इतर आरोग्य कर्मचारी, ४ वकील, ५ ग्राहक किंवा इतर. हा क्रम आमच्या कंपनीनं ठरवलेला नाही. औषधांच्या दुष्परिणामांची माहिती जगभर ज्या ठरलेल्या साच्यातून पाठवली जाते, त्या साच्यातच तो आहे. (वकील तिथे काय करतोय, असं टीममध्ये आलेला प्रत्येक नवा माणूस विचारतो. 'अमेरिका' एवढं उत्तर पुरतं.)

या कामाला फार्माकोव्हिजिलन्स म्हणतात. मराठीत औषध-दक्षता म्हणता येईल, पण मी घरी 'औषधांच्या तक्रारींचं सॉफ्टवेअर' असंच सांगतो. नवं औषध बाजारात येण्याआधी काहीशे, फार तर काही हजार लोकांवर तपासलेलं असतं. त्यातही फार म्हातारे, गरोदर बायका, एकाच वेळी पाच आजार असलेले लोक बहुतेकदा वगळलेले असतात. मग औषध बाजारात येतं आणि नेमके हेच लोक ते घेतात, लाखोंच्या संख्येनं. दहा हजारांत एकाला होणारा त्रास चाचणीत दिसतच नाही, तो नंतर दिसतो. म्हणजे औषधाची खरी परीक्षा ते विकायला लागल्यावर सुरू होते, आणि त्या परीक्षेचे पेपर गोळा करायचं काम आमच्यासारखी सॉफ्टवेअर करतात.

एखादी तक्रार 'केस' म्हणून धरायची तर किमान चार गोष्टी लागतात. ओळखता येईल असा रुग्ण (नाव नको, आद्याक्षरं, वय, लिंग यातलं काहीतरी पुरतं), संशयित औषध, झालेला त्रास आणि कळवणारा माणूस. चारांतलं एक जरी नसलं तरी केस लाल होऊन बाजूला पडते. हा लाल रंग दाखवणारा कोड दोन वर्षं मी सांभाळतोय.

हे सगळं चालतं हिंजवडीत. हिंजवडी मुळशी तालुक्यात येतं, हे हिंजवडीत काम करणाऱ्या बहुतेकांना माहीत नसतं. त्यांच्यासाठी मुळशी म्हणजे पावसाळ्यातलं ताम्हिणी, धबधबा आणि वाटेतलं कणीस. आमचं गाव पौडच्या पुढे आहे. मी रोज बाइकवरून पौड, घोटावडे, माण असा येतो. वाटेत एका बाजूला भातखाचरं आणि दुसऱ्या बाजूला प्लॉटिंगचे बोर्ड. याच तालुक्यात नांदे गावात ल्युपिनचं मोठं संशोधन केंद्र आहे. मुळशीचा हा जुना स्वभाव असावा. शंभर वर्षांपूर्वी धरणासाठी जमिनी गेल्या, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, तरी धरण झालंच. पाणी घाटाखाली उतरलं, वीज मुंबईला गेली. आता जगभरच्या दुष्परिणामांच्या केसेस इथं येतात, तपासल्या जातात आणि पुढे जातात. पण आमच्या गावातल्या कुणाला गोळीनं पुरळ उठलं तर ते कुठे जातं?

बहुतेकदा कुठेच नाही. 'उष्णता झाली' म्हणतात आणि सब्जा खातात.

गेल्या वर्षी आईला कोरडा खोकला सुरू झाला. मे महिन्यात, म्हणजे पाऊस यायच्या आधीच. जूनमध्ये पाऊस लागला आणि मग कुणाला काही विचारायची गरजच उरली नाही. आमच्याकडे पावसाळ्यात खोकला ही काही बातमी नाही. भिंतींना ओल येते, पांघरुणं वाळत नाहीत, चुलीचा धूर घरातच फिरतो. गावातल्या डॉक्टरांनी सिरप लिहून दिलं. बाटली संपली, खोकला संपला नाही. दुसरी बाटली. ऑगस्टपर्यंत तिला रात्री झोप येईना. उताणं पडलं की घशात काहीतरी सळसळायचं आणि ढास लागायची. संध्याकाळच्या हरिपाठाला जाणं तिनं बंद केलं, कारण सगळे डोळे मिटून बसलेले असताना हिची ढास सुरू व्हायची. दुसरंही एक कारण होतं, ते तिनं मला सांगितलं नाही, बहिणीला सांगितलं. जोरात खोकला आला की लघवी थेंबथेंब व्हायची. एकावन्न वर्षांची बाई चारचौघांत बसायची भीती धरून होती.

आणि मग टीबी. माझी एक आत्या टीबीनं गेली, मी जन्मायच्या आधी. त्यामुळे आमच्या घरात दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की सगळ्यांचे आवाज खाली येतात. थुंकी तपासून झाली, एक्स-रे झाला. काही निघालं नाही. 'काही निघालं नाही' या शब्दांनी आमच्या घरी बरं वाटत नाही, उलट संशय वाढतो.

या सगळ्यात आईची बीपीची गोळी कुणाच्या बोलण्यातच नव्हती. मार्चमध्ये कोथरूडच्या एका डॉक्टरांनी सुरू केलेली. गावातल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, काही औषधं चालू आहेत का? आई म्हणाली, नाही. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी औषध म्हणजे आजारी पडल्यावर घ्यायचं ते. रोज सकाळी चहाआधी घ्यायची गोळी ही तिच्यासाठी दात घासण्यासारखी गोष्ट झाली होती. 'रोजच्या गोळीला काय औषध म्हणायचं,' असं नंतर तिनं मलाच सुनावलं.

दोन्ही औषधं ती पिरंगुटच्या एकाच मेडिकलमधून आणायची. तिथे काउंटरला एक ताई बसतात. तिशीच्या आसपास, बी. फार्म. दुकान सासऱ्यांनी काढलेलं. भिंतीवर फ्रेममध्ये लायसन्स आहे आणि फ्रेममधल्या नावाची बाई खरोखर दुकानात आहे. हे वेगळं सांगायचं कारण पुढे येईल.

सप्टेंबरमधल्या एका रविवारी मी आईला बाइकवरून घेऊन गेलो होतो. आईनं रिकामी बाटली काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, ही द्या.

'काकू, ही कुणासाठी नेता तुम्ही?'

'माझ्यासाठीच की गं.'

'मग ही चौथी झाली. अजून खोकला आहे?' ताईंनी बाटली उचललीच नाही. 'कफ पडतो का कोरडाच? रात्री जास्त येतो का? घशात काहीतरी अडकल्यासारखं?'

आई सगळ्याला हो म्हणत गेली. मग ताईंनी मागे वळून कॉम्प्युटरवर काहीतरी पाहिलं आणि विचारलं, 'बीपीची ती रॅमिप्रिलच चालू आहे ना अजून? मार्चपासून?'

त्यांनी त्या दिवशी सिरप दिलं नाही. एका कागदावर इंग्रजीत दोन ओळी लिहून दिल्या आणि म्हणाल्या, कोथरूडच्या डॉक्टरांना हा कागद दाखवा. रॅमिप्रिलनं असा खोकला येऊ शकतो. पण काकू, गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, बीपी चढेल. डॉक्टर बदलून देतील.

डॉक्टरांनी कागद वाचला, मान हलवली आणि टेल्मिसार्टन लिहून दिली. साधारण तीन आठवड्यांत खोकला गेला. आई दसऱ्याच्या आधीच हरिपाठाला जायला लागली. तिच्या मते खोकला ज्येष्ठमधानं गेला, कारण त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी ज्येष्ठमधाची कांडी दिली होती. मी वाद घातलेला नाही.

रात्री मी वाचत बसलो. रॅमिप्रिल, एनालाप्रिल अशा 'प्रिल'नं संपणाऱ्या गोळ्या शरीरातलं एक एन्झाइम अडवतात. ते एन्झाइम रक्तवाहिन्या आवळणारं रसायन तयार करतं, म्हणून ते अडवलं की बीपी उतरतं. पण हेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचं दुसरं एक रसायन मोडून टाकायचं कामही करतं. ते काम थांबलं की ब्रॅडिकायनिन साठतं आणि श्वासनलिकेला गुदगुल्या होत राहतात. छातीत काही नसतं, म्हणून एक्स-रेत काही दिसत नाही, म्हणून कफाच्या सिरपनं काही होत नाही. 'सार्टन' गटातल्या गोळ्या वेगळ्या ठिकाणी काम करतात, तिथे हा त्रास क्वचितच होतो. या सगळ्या प्रकरणाची सुरुवात ब्राझीलमधल्या एका विषारी सापापासून आहे. तो चावला की माणसाचं बीपी धाडकन उतरतं, हे पाहून शास्त्रज्ञांनी त्याच्या विषाचा अभ्यास केला आणि त्यातून १९८१ मध्ये या गटातलं पहिलं औषध, कॅप्टोप्रिल, बाजारात आलं. आईला मी हे सांगितलं तर म्हणाली, 'म्हणजे फुरशाचं विष खात होते का मी?' विष नाही, त्यावरून सुचलेली गोळी. पण तिला फुरसं जास्त आवडलं आणि गावभर तेच सांगून झालंय.

मला त्या वाचनात वेगळीच गोष्ट लागली. हे औषध नवं होतं तेव्हा खोकला हा तुरळक दुष्परिणाम समजला जायचा. पुढे काही वर्षांत लोकांच्या लक्षात येत गेलं आणि आकडा वाढत वाढत साधारण दहातल्या एकापर्यंत गेला. औषध तेच होतं. बदललं एवढंच, की कुणीतरी विचारायला लागलं. खोकला ही गोष्ट इतकी साधी आहे की ती कुणी औषधाच्या खात्यावर लिहीतच नाही. हवा, धूळ, वय, पाऊस अशी हजार कारणं हाताशी असतात. अंगावर मोठे फोड उठले तर माणूस स्वतःच डॉक्टरकडे पळतो. पायाला सूज, कोरडा खोकला, तोंडाची चव जाणं, जरा जास्तच झोप येणं, हे सगळं माणसं वयाच्या नावावर घालून जगत राहतात.

आणि आईच्या बाबतीत हे दिसणार कुणाला होतं? कोथरूडच्या डॉक्टरांना गोळी माहीत होती, खोकला माहीत नव्हता. गावातल्या डॉक्टरांना खोकला माहीत होता, गोळी माहीत नव्हती. मला दोन्ही माहीत होतं, पण त्या दोघांचं नातं माहीत नव्हतं. दोन्ही कागद एकाच टेबलावर आले ते फक्त मेडिकलच्या काउंटरवर, आणि तिथे ते वाचता येणारी व्यक्ती बसलेली होती. आम्ही ऑफिसात याला 'डेटा जॉइन' म्हणतो आणि त्यासाठी सर्व्हर लावतो.

पण बसलेली होती, हा योगायोग होता का? थोडासा होताच. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं असतं. २०१५ मध्ये आलेल्या नियमांनी तर रुग्णाला समजावून सांगणं हे त्यांच्या कामातच घातलं. प्रत्यक्षात काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. भिंतीवर एकाचं सर्टिफिकेट, काउंटरला बारावी झालेला चुणचुणीत पोरगा. तो गोळ्या अचूक काढून देतो, अक्षर डॉक्टरांपेक्षा चांगलं वाचतो, पण रॅमिप्रिल आणि खोकला ही जोडी त्याला कुणी शिकवलेली नसते. सर्टिफिकेट भाड्यानं देणं हा आपल्याकडे उघड धंदा आहे. महेश झगडे राज्याचे अन्न व औषध प्रशासन आयुक्त असताना त्यांनी 'फार्मासिस्ट हजर पाहिजे आणि बिल दिलंच पाहिजे' असा हट्ट धरला होता, तेव्हा औषध दुकानदारांच्या संघटनांनी दुकानं बंद ठेवली होती. झगडे आधी पुण्याचे महापालिका आयुक्त होते, नंतर पीएमआरडीएतही आले, त्यामुळे आमच्याकडे त्यांचं नाव रस्ते आणि अतिक्रमणांच्या संदर्भात निघतं. मला ते बिलाच्या हट्टासाठी लक्षात ठेवावेसे वाटतात.

बिल म्हणजे टॅक्सचा कागद असं आपण समजतो. औषधाच्या बिलावर बॅच नंबर असतो, आणि कधीकधी सगळं त्या एका नंबरावर येऊन थांबतं.

जानेवारी-फेब्रुवारी १९८६. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काही रुग्णांना उपचाराचा भाग म्हणून ग्लिसरीन दिलं जात होतं. डोळ्यातला, मेंदूतला दाब कमी करण्यासाठी ते वापरतात. त्यातल्या रुग्णांच्या किडन्या एकामागोमाग निकामी व्हायला लागल्या. चौदा जण गेले. ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं. हे रसायन कारखान्यात वापरायचं, चवीला गोड, दिसायला ग्लिसरीनसारखंच आणि माणसाच्या किडनीला घातक. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं चौकशी केली, आणि त्या अहवालात खरेदी, तपासणी, प्रशासन, राजकारण असं सगळं निघालं. माझ्या आधीच्या पिढीला 'लेंटिन आयोग' हे शब्द पाठ आहेत. माझ्या वयाच्या कुणाला विचाराल तर माहीत नसतात.

आता ऑक्टोबर २०२५. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात सर्दी-तापाची लहान मुलं लघवी बंद होऊन गंभीर होत होती. त्यातल्या बऱ्याच मुलांना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. वीसहून अधिक मुलं गेली. कोल्ड्रिफ नावाचं कफ सिरप, बॅच एसआर-१३. तपासणीत त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. चालण्याजोगी मर्यादा ०.१ टक्का आहे. जवळजवळ चाळीस वर्षांनी तेच रसायन.

एका मुलाची किडनी बंद पडणं हा आजार वाटतो. एकाच भागातली अनेक मुलं आणि प्रत्येकाच्या घरी तीच बाटली, ही दोन वाक्यं शेजारी येतात तेव्हा तो औषधाचा प्रश्न होतो. मधे जेवढे दिवस जातात, तेवढे दिवस बाटली विकली जात राहते.

त्या आठवड्यात महाराष्ट्राच्या एफडीएनं त्या बॅचची सूचना काढली. विकू नका, वापरू नका, कुणाकडे असेल तर कळवा. मी ताईंच्या दुकानात गेलो तेव्हा त्या वहीत काहीतरी शोधत होत्या. हे सिरप त्यांच्याकडे कधी आलंच नव्हतं, तरी त्या कफ सिरपची सगळी फळी खाली काढून एकेक बॅच पाहत होत्या. मी विचारलं, इथे ठेवलेलं तर परत करता येतं, पण विकलं गेलंय ते? त्या म्हणाल्या, 'ज्यांनी बिल घेतलं त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. ज्यांनी नाही घेतलं, त्यांच्या घरच्या फडताळात काय आहे ते देवाला माहीत.'

मग त्यांनी मला कात्रीचा मुद्दा सांगितला. मी सहा वर्षं या क्षेत्रात आहे, सेफ्टी डेटाबेसवर ट्रेनिंग घेतलंय, पण हा मुद्दा कुठल्याच स्लाइडवर नव्हता. आमच्याकडे पट्टी अख्खी घेणारे कमी. पिरंगुटच्या कारखान्यांतला कंत्राटी कामगार, लावणीला आलेल्या बाया, वीटभट्टीवरची माणसं, हे चार गोळ्या मागतात, कधी दोन. दहाची पट्टी कात्रीनं कापायची. बॅच नंबर आणि एक्सपायरी बहुतेकदा पट्टीच्या एका कडेला छापलेले असतात. ती कड दुकानात ठेवावी लागते, कारण उरलेल्या गोळ्यांची ओळख तीच. म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात जातात त्या गोळ्यांवर कधी नाव अर्धं असतं, तारीख नसते, बॅच नसतो. उद्या त्या गोळीनं त्रास झाला तर तो माणूस काय दाखवणार? 'पांढरी गोळी होती, पोटात दुखतं त्याची.'

ताई आता कागदी पुडीवर पेनानं नाव, बॅच आणि तारीख लिहून देतात. गर्दी असली की राहून जातं. संध्याकाळी सहा ते नऊ, कंपन्या सुटल्यावर, काउंटरवर माणसावर माणूस असतो आणि मागून हॉर्न वाजवत कुणीतरी 'ताई, एक क्रोसिन' ओरडत असतो. औषधानं काही त्रास होतो का, हा प्रश्न विचारायला त्या वेळी कुणाला सुचेल? आणि विचारलंच तर तो विकत घेणारा तरी थांबेल?

भारतात तक्रार कळवायची सोय नाही असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषध-दक्षता कार्यक्रमात आपण १९९८ मध्ये सामील झालो. त्या काळच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं केईएम होतं. सध्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि २०११ पासून त्याचं काम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे आहे. मेडिकल कॉलेजांमध्ये दुष्परिणाम नोंदवणारी केंद्रं आहेत. १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर आहे. सामान्य माणसाला भरता येईल असा वेगळा फॉर्म आहे आणि तो मराठीतही आहे. २०२५ मध्ये तर प्रत्येक मेडिकलमध्ये तक्रारीचा क्यूआर कोड लावायला सांगितलं गेलं. ताईंनी तो लावलाय, फोनपेच्या क्यूआरच्या शेजारी. त्यामुळे दिवसातून एकदोघं चुकून तोच स्कॅन करतात आणि पैसे जात का नाहीत म्हणून वैतागतात. हे त्या हसत सांगतात, पण चुकून का होईना लोकांना काहीतरी दिसतंय, असंही म्हणतात.

या फॉर्मांचं पुढे होतं काय, असं तुम्ही विचाराल. एक उदाहरण तुमच्यातल्या बऱ्याच जणींच्या पर्समध्ये असेल. पाळीच्या दुखण्यासाठी घेतात ती मेफेनॅमिक ॲसिडची गोळी, मेफ्टाल म्हणा. ३० नोव्हेंबर २०२३ ला फार्माकोपिया कमिशननं तिच्याबद्दल इशारा काढला. आपल्याकडच्या नोंदी तपासताना या गोळीनंतर 'ड्रेस' नावाची गंभीर ॲलर्जी होऊ शकते असं दिसलं होतं. अंगभर पुरळ, ताप, गाठी सुजणं, आतले अवयव बिघडणं, आणि हे सगळं गोळी घेतल्यावर लगेच नाही, दोन ते आठ आठवड्यांनी. म्हणजे तोपर्यंत गोळी विसरलेली असते. बंदी नाही आली, आणि घाबरून जायचंही कारण नाही, हे फार दुर्मीळ आहे. पण हा इशारा निघाला तो कुठल्या परदेशी संस्थेनं कळवलं म्हणून नाही. कुठल्या तरी दवाखान्यात कुणीतरी आठवून विचारलं की महिनाभरात काय काय घेतलंत, आणि लिहून पाठवलं. असे काही कागद जमले.

तरीही फॉर्म भरणारे थोडे. मी ताईंना थेट विचारलं, तुम्ही आजवर किती भरले? त्या म्हणाल्या, एकही नाही. का, तर त्याचं उत्तर त्यांनी आधीच ठरवून ठेवल्यासारखं दिलं. कॉलेजात या विषयाचा एक धडा होता, परीक्षेत पाच मार्कांना आला. दुकानात आल्यावर एफडीएचे इन्स्पेक्टर येतात ते एच-वनचं रजिस्टर बघायला. (काही अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, झोपेच्या गोळ्या वगैरे विकताना रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव लिहून ठेवायचं, ते २०१४ पासूनचं रजिस्टर.) दुष्परिणामांचा फॉर्म भरला का, असं त्यांना कधीच कुणी विचारलेलं नाही. शिवाय डॉक्टरांना वाईट वाटेल ही भीती. ज्यांच्या चिठ्ठ्यांवर दुकान चालतं, त्यांच्या औषधाबद्दल दिल्लीकडे तक्रार कोण करणार? मी सांगितलं की यात कुणाचा दोष धरत नाहीत. संशय पुरतो, सिद्ध करावं लागत नाही, आणि माहिती गुप्त राहते. त्या म्हणाल्या, 'हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. डॉक्टरांच्या कंपाउंडरला माहीत आहे का?'

मला यावर उत्तर नव्हतं. दुसरी अडचण त्यांनी सांगितली नाही, ती मला दिसली. त्यांनी त्या दिवशी आईला सिरप दिलं नाही, म्हणजे एका बाटलीचा गल्ला सोडला. काउंटरवरच्या त्या दहा मिनिटांचे त्यांना कुणीही पैसे देत नाही. डॉक्टर बोलण्याची फी घेतो, वकील घेतो, मी तर मीटिंगमध्ये गप्प बसण्याचेही घेतो. फार्मासिस्टला पैसे मिळतात ते फक्त औषध विकल्याचे. न विकण्याचा सल्ला हा तिच्यासाठी शुद्ध तोटा आहे. आणि आता आमच्याच गावातली माझ्या वयाची पोरं ॲपवरून वीस टक्के सवलतीत आईबापांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या मागवतात. मीही पुण्यात असताना मागवतो, सोयीचं आहे. पण मग बीपीची गोळी ॲपच्या डेटाबेसमध्ये राहते, खोकल्याची बाटली पिरंगुटच्या काउंटरवर, आणि ते दोन कागद पुन्हा एका टेबलावर येत नाहीत. आईच्या गोळ्यांसाठी सवलत मला चालली असती. सवलतीत नेमकं काय जातं ते मला कळलं म्हणून ती अजून पिरंगुटलाच जाते.

आईची केस आम्ही मिळून भरली. दिवाळीनंतर, दुपारी दुकानात शांतता असताना. ताईंचा आक्षेप होता की हा खोकला तर पुस्तकातलाच आहे, त्यात नवं काय? मी सांगितलं, माहीत असलेला त्रासही घेतात. किती जणांना होतो, किती दिवस ओळखला जात नाही, हे त्यातूनच कळतं. आद्याक्षरं, वय, स्त्री. औषध, डोस, कधी सुरू, कधी बंद. बंद केल्यावर त्रास गेला का? हो. बॅच नंबरच्या रकान्यापाशी मला वाटलं अडलं. पण आईनं रॅमिप्रिलच्या रिकाम्या पट्ट्या बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या, कशासाठी ते तिलाही सांगता येईना. त्यावर बॅच होता. आणि नसता तरी ताईंच्या कॉम्प्युटरमध्ये बिल होतं.

फॉर्म भरायला अठरा मिनिटं लागली. मधे सात गिऱ्हाइकं येऊन गेली.

जानेवारीत ताईंचा व्हॉट्सॲप आला. माणकडच्या एका कामगाराला दाढदुखीसाठी दुसऱ्या कुठल्या तरी दुकानातून घेतलेल्या गोळ्यांनी ओठ सुजले होते आणि अंगावर गांधी उठल्या होत्या. त्याला त्यांनी आधी दवाखान्यात पाठवलं. तो बरा होऊन परत आला तेव्हा त्याच्याकडून विचारून विचारून फॉर्म भरला होता. गोळी कापलेली होती, बॅचच्या रकान्यात त्यांनी 'माहीत नाही' लिहिलं होतं. फोटो पाठवून विचारलं होतं, हे असं चालेल का, आणि खाली व्यवसाय विचारलाय तिथे काय लिहू, मेडिकल दुकानदार?

मी लिहिलं, चालेल. आणि तिथे फार्मासिस्ट लिहा.